सफरचंदासाठी विलायत

जीनचा फोन दरवर्षी ऑक्टोबरात यायचा. त्या वर्षी तो जूनमध्येच आला, आणि उज्वलाबाईंनी पहिल्यांदा तिची तब्येतच विचारली.

उज्वलाबाई नांदेडच्या सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. वजिराबादेत त्यांना अजूनही सगळे सिस्टरच म्हणत. नवरा वारला होता, एकुलती मुलगी वर्षाराणी लग्न होऊन ब्रसेल्सला गेली होती, आणि त्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी तीन वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी केली होती, केंट परगण्यात, ॲशफर्डजवळच्या एका छोट्या दवाखान्यात. तिथं सगळे म्हातारे पेशंट. जीन त्या वॉर्डची मोठी सिस्टर. उज्वलाबाई तिच्याच घरात एक खोली घेऊन राहिल्या होत्या. आता जीन ऐंशीच्या पुढं गेली होती.

"घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे," जीन म्हणाली. "पण घर विकतेय. वसंतात मुलाकडे जाणार, वर स्कॉटलंडला. म्हणजे तुझ्या झाडाचा हा शेवटचा हंगाम आहे, माझ्या हातातला. पुढच्या वर्षी ते कुणाचं असेल, ठाऊक नाही. तू या ऑक्टोबरात ये."

झाड सफरचंदाचं होतं. नोकरी सोडून निघायच्या आदल्या दिवशी उज्वलाबाईंनी ते जीनच्या परसात स्वतः लावलं होतं. फेब्रुवारी होता, जमीन दगडासारखी गोठलेली. खड्डा खणताना त्यांच्या तळहाताला फोड आले होते. चार वर्षांनी झाडाला पहिली फळं लागली, आणि तेव्हापासून दर ऑक्टोबरात जीन फोन करून सांगायची, यंदा बहर कसा आहे, पाखरांनी किती खाल्लं, मुरंबा किती केला. शेवटी न चुकता म्हणायची, "ये ना." उज्वलाबाई न चुकता म्हणायच्या, "बघू."

या वेळी त्या "बघू" म्हणाल्या नाहीत. योगही तसा जुळून आला होता. वर्षाराणी आणि जावई सुदर्शन यांनी ब्रसेल्समध्ये घर घेतलं होतं. ऑक्टोबरात वास्तुशांत करायची होती, आणि दोन्हीकडच्या आयांनी महिनाभर यावं असा त्यांचा आग्रह होता. ब्रसेल्सहून लंडनला थेट रेल्वे जाते, समुद्राखालून. सकाळी निघालं तर दुपारच्या आत माणूस तिकडे. चार दिवसांत जाऊन परत येता येईल.

रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांनी मुलीला हे सांगितलं. वर्षाराणीचा चेहरा उतरला.

"इंग्लंड नको ना आई. त्याला वेगळा व्हिसा लागतो. आपण पॅरिसला जाऊ."

"पॅरिसला माझं कोण आहे?"

"आणि इंग्लंडला कोण आहे?" वर्षाराणी म्हणाली, आणि सुदर्शनच्या हातात फोन देऊन उठून गेली.

उज्वलाबाईंना कारण ठाऊक होतं. त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वर्षाराणी आठ वर्षांची होती. दर रविवारी शेजाऱ्यांच्या फोनवर आईचा फोन यायचा, आणि ही पोर गच्चीवर जाऊन बसायची, खाली यायची नाही. परत आल्यावर त्यांनी तिला सगळं दिलं, पण त्या तीन वर्षांबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत.

जुलैच्या शेवटी व्हिसाच्या अर्जासाठी विहिणीच्या पासपोर्टची आणि जमिनीची कागदं घ्यायला उज्वलाबाई तिच्या गावी गेल्या. नांदेडहून अहमदपूरमार्गे लातूर, तिथून औशाची एसटी, आणि पुढं दोन कोस ऑटो. विहीण केवळाबाई, सुदर्शनची आई. तीस एकर जमिनीचा कारभार नवरा श्रीमंतराव बघतात असं लोक म्हणत, पण पेरा कशाचा आणि कधी, हे केवळाबाई ठरवत. नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, आणि आवाज बांधावरून बांधावर पोचणारा.

दोघींचं फारसं सूत नव्हतं. लग्नाच्या बैठकीत चारचौघांत केवळाबाईंनीच विचारलं होतं, "पोरीला टाकून बाई तीन साल विलायतेत कामून राहिली म्हनं?" उज्वलाबाईंनी "नोकरीला" एवढंच उत्तर दिलं होतं. तेव्हापासून सणावाराला साड्या जायच्या, फराळ यायचा, बोलणं मोजकंच.

चहा झाल्यावर केवळाबाईंनी कागदांची पिशवी पुढं ठेवली आणि म्हणाल्या, "सुदर्शन सांगून राहिला, तुमाला आनखी पुढं विलायतेत जायचंय. आन् सूनबाई रुसलीय."

"हाव."

"काय हाय तिथं?"

टाळावं असं उज्वलाबाईंना वाटलं. पण लांबचा प्रवास करून त्या थकल्या होत्या, आणि खोटं रचायचा कंटाळा आला. "एक झाड आहे विहीणबाई," त्या म्हणाल्या. "सफरचंदाचं. मी लावलेलं."

"मग?"

"मग काही नाही. त्याचं फळ मी खाल्लं नाही अजून."

केवळाबाईंनी कप खाली ठेवला. "कवा लावलं?"

"वीस वर्षं होत आली."

"आन् धरतंय?"

"दर साली. फांद्या मोडतात म्हणे इतकं."

"म्हंजी वीस साल झाले झाडाला, दर साली धरतंय, आन् लावनारीनं एक फळ तोंडात घातलं न्हाई?" केवळाबाईंचा आवाज असा चढला की ओसरीवरचे श्रीमंतराव आत डोकावले. "असं कुठं असतंय व्हय ईनबाई? शेजारी खातो, पाखरं खात्यात, आन् जिनं खड्डा खांदला तिला ठाव न्हाई गोड हाय का आंबट?"

"कुणी सोबत यायला तयार नाही. वर्षा म्हणते एकटीनं जायचं नाही."

"म्या येते."

ओसरीवरून श्रीमंतराव म्हणाले, "तू तर वास्तुशांत झाली की परतनार हुतीस. ऑक्टोबरात सोयाबीन काढायचं असतंय."

"मग काढा की. हात न्हाईत का तुमाला?"

श्रीमंतराव ओसरीवरून उठून दाराशी आले. नंतर म्हणाले, "जाय बाई. नाहीतर जलमभर ऐकावं लागंल."

त्या दिवसापासून नांदेड आणि औसा यांच्यात रोज फोन सुरू झाले. आधी केवळाबाईंनी वाट समजून घेतली. गाडी ब्रसेल्सहून निघते, समुद्राखालच्या बोगद्यातून जाते, केंटमध्ये वर येते, आणि ॲशफर्डवरून न थांबता थेट लंडनला जाते. लंडनला उतरून त्याच स्टेशनातून दुसऱ्या गाडीनं परत ॲशफर्डला यायचं.

"म्हंजी औशात न उतरता पुढं लातूरला जायचं, आन् लातूरवरून परत औशाला?"

"तसंच."

"मधी उतरता येत न्हाई?"

"पूर्वी थांबायची. आता नाही थांबत."

"तिकडं बी असंच हाय म्हना," केवळाबाई म्हणाल्या, आणि हे ऐकून त्यांना जरा बरं वाटल्यासारखं झालं.

समुद्राचं मात्र त्यांच्या मनातून जाईना. एक दिवस फोनवर त्यांनी हळूच विचारलं, "ईनबाई, वर येवढं पानी. गळत नसंल?"

"मी पण नाही बसले कधी त्यातून. तेव्हा विमानानंच आले-गेले. पण रात्रपाळी संपली की वॉर्डच्या खिडकीतून पहिली गाडी दिसायची. रोज जायची. तीन वर्षांत कधी बुडाली नाही."

"मग ठीक हाय."

व्हिसाचा अर्ज सुदर्शननं तयार करून पाठवला. उज्वलाबाईंनी तो दोनदा वाचला आणि त्याला फोन केला. युरोपचा व्हिसा त्यानं एकाच प्रवेशाचा मागितला होता. इंग्लंडला जाऊन परत ब्रसेल्सला यायचं तर दोनदा आत यावं लागणार. "अहो जावईबापू, जाणं सोपं आहे, परत कसं यायचं?" सुदर्शन हसला. त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं तो म्हणाला, आणि अर्ज दुरुस्त केला. तो या बाबतीत दोघींच्या बाजूला होता, पण बायकोसमोर फार बोलत नव्हता.

थंडीच्या कपड्यांचा प्रश्न केवळाबाईंनी आपल्या पद्धतीनं सोडवला. सून तिकडून कोट पाठवते म्हणाली, तो त्यांनी नाकारला. लुगड्यावर तो बसणार नाही आणि काष्टा वर चढेल, हे त्यांचं म्हणणं. औशाच्या बाजारात दिलशाद नावाची शिलाई करणारी बाई होती. तिच्या आजापासून ते घर शिलाईचंच. केवळाबाई दुकानात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दिलशाद, लुगड्यावर घालायचा कोट शिव. आत कापूस पाहिजे."

दिलशाद म्हणाली, "मावशी, असा कोट मी कधी शिवला नाही. कुनीच शिवला नसेल."

"मग तू शिव."

दिलशादनं त्यांना मधोमध उभं केलं, काष्ट्याची जागा बघितली, पाठीमागून दोन्हीकडे कोट चिरून घेतला आणि दुलईसारखे टाके घातले. रंग केवळाबाईंनी निवडला, गर्द जांभळा. घालून त्या दुकानाच्या पायरीवर आल्या तर बाजारातली माणसं थांबून बघू लागली. दिलशाद दाराशी उभी राहून म्हणाली, "मावशी, तिकडं जाऊन सांगा, औशात शिवलाय म्हनून."

ऑगस्टच्या मध्यावर दोघी हैदराबादला गेल्या. दोन्ही व्हिसांची कामं तिथं होती. इंग्लंडच्या ऑफिसात आधी नंबर लागला. उज्वलाबाईंचे ठसे चटकन आले. केवळाबाईंनी काचेवर बोटं ठेवली आणि यंत्रावर लाल दिवा लागला. परत ठेवली. परत लाल. खिडकीतल्या मुलीनं बोटं पुसायला लावली, दाबून धरायला लावली, एकेक करून घेऊन बघितली. नुकतीच खुरपणी झाली होती. त्यांच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, नुसती गुळगुळीत, चिरा पडलेली कातडी.

"पंधरा दिवसांनी परत या आजी," ती मुलगी समजुतीनं म्हणाली. "हातांना आराम द्या. तेव्हा बघू."

"आन् तेवा बी न्हाई आले तर?"

मुलीनं पुढची तारीख लिहून कागद पुढं सरकवला.

बाहेर येऊन केवळाबाई पायरीवर बसल्या. दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघत राहिल्या. एरवी कधी न दिसणारी शरम त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. "साठ साल कष्ट केले," त्या म्हणाल्या. "आन् यंत्राला म्या दिसत न्हाई."

उज्वलाबाई शेजारी बसल्या. त्यांचं काम झालं होतं. त्या एकट्याही जाऊ शकल्या असत्या, आणि केवळाबाईंनी ते बोलूनही दाखवलं. "तुमी जावा. झाड तुमचं हाय."

"विहीणबाई," उज्वलाबाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासोबत नांदेडला चला. पंधरा दिवस. मी सिस्टर आहे, हात कसे बरे करायचे ते मला कळतं. पण माझं ऐकावं लागेल."

नांदेडच्या घरात केवळाबाईंना कशालाही हात लावायची बंदी झाली. भांडी नाही, पीठ मळणं नाही, भाजी निवडणंसुद्धा नाही. रोज सकाळ-संध्याकाळ उज्वलाबाई कोमट पाण्यात त्यांचे हात बुडवून ठेवायच्या, मऊ फडक्यानं टिपायच्या, आणि ग्लिसरीन नाहीतर व्हॅसलीन लावून एकेक बोट चोळायच्या. झोपताना हातावर सुती मोजे. पहिले दोन दिवस केवळाबाईंना ते सहन होईना. मुलाची आई त्या, मान मिळायची सवय होती, पण हा मान वेगळाच होता. विहीण खाली चटईवर बसून आपले हात मांडीवर घेते, हे त्यांना बघवत नव्हतं.

"सोडा ओ. माजे हात असेच हायेत."

"तुमचे हात चांगले आहेत. फक्त दमलेत."

चौथ्या की पाचव्या दिवशी हात चोळून घेता घेता केवळाबाईंनी विचारलं, "ईनबाई, तीन सालच कामून राहिलात? लोकं तर तिकडंच राहून जात्यात."

उज्वलाबाई करंगळी चोळत राहिल्या. "मला तिथं वॉर्डची मोठी सिस्टर करणार होते. जीनच्या जागेवर. घर मिळणार होतं. ह्यांना आणि वर्षाला नेता आलं असतं, पण हे यायला तयार नव्हते. मग वर्षाला टायफॉईड झाला. ह्यांनी फोनवर सांगितलं, ती आईचं नाव काढत नाही आणि जेवतही नाही. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. चार दिवसांत निघाले. त्या चार दिवसांतच ते झाड लावलं."

"सूनबाईला ठाव हाय हे?"

"मोठी सिस्टर करणार होते, ते नाही. सांगून काय करायचं? तिला वाटलं असतं, तिच्यामुळं माझं नुकसान झालं."

केवळाबाईंनी दुसरा हात पुढं केला. पण दुसऱ्या दिवशी उज्वलाबाई भाजी आणायला गेल्या असताना त्यांनी मोजे काढून सुनेला फोन लावला. वर्षाराणी सासूला आत्या म्हणायची.

"आत्या, हात कसे आहेत तुमचे?"

"तुजी आई लोन्यावानी करून राहिलीय. ऐक, माजं बोलनं आडवं वाटलं तर वाटू दे. तू म्हनतीस आई तुला सोडून गेली. गेली. पन परत कामून आली ते इचारलंस कधी?" आणि त्यांनी आपल्या पद्धतीनं, आडपडदा न ठेवता, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुला सोडून गेली ते तू मोजलंस. तुज्यासाठी काय सोडून आली ते बी मोज की बाई."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग वर्षाराणी म्हणाली, "मला वाटायचं, तिला तिथून काढून टाकलं. म्हणून ती आली."

"न्हाई गं. झाड लावून आली."

उज्वलाबाई मेथीची जुडी घेऊन आल्या तेव्हा केवळाबाई मोजे घालून खुर्चीत बसलेल्या होत्या, तोंडावर काही न कळल्याचा भाव.

हैदराबादला दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा खिडकीत तीच मुलगी होती. केवळाबाईंनी पदर सावरला आणि चार बोटं काचेवर ठेवली. यंत्र थोडं थांबलं. मग हिरवा दिवा लागला. दुसरा हात. हिरवा. अंगठे. हिरवे. मुलगी पडद्याकडे बघून म्हणाली, "आजी, एकदम साफ आलेत."

केवळाबाई उज्वलाबाईंकडे वळल्या. त्यांनी तळवा पुढं केला. उज्वलाबाईंनी तो हातात घेतला. युरोपच्या व्हिसाचं कामही उरकून त्या दिवशी दोघींनी चारमिनारजवळ बसून पोटभर बिर्याणी खाल्ली. म्हणजे उज्वलाबाईंनी बिर्याणी, आणि माळकरी केवळाबाईंनी दही-भात, पण पोटभर दोघींनी.

पासपोर्ट घरी आले, दोन्ही शिक्के घेऊन. त्या संध्याकाळी वर्षाराणीचा फोन आला. उज्वलाबाईंनी आधी व्हिसाचं सांगितलं. ती म्हणाली, "माहितीय, आत्यांनी सांगितलं. आई, मी तिकिटं काढलीत. रेल्वेची. जातानाची आणि येतानाची."

"अगं, मी इथून बघत होते ना—"

"तीन काढलीत," वर्षाराणी म्हणाली. "मी पण व्हिसा काढलाय. मागच्या आठवड्यात आला."

उज्वलाबाईंना फोन एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावा लागला. "तुला रजा मिळेल?"

"मिळाली. आई, मला ती खिडकी दाखव. आत्या म्हणाल्या, जिथून तुला पहिली गाडी दिसायची ती."

वास्तुशांत झाली, पुरणपोळ्या झाल्या, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिघी ब्रसेल्सच्या स्टेशनात उभ्या होत्या. रस्त्यावरच्या झाडांची पानं पिवळी होऊन पडत होती. जांभळा कोट आणि त्याखाली हिरवं लुगडं बघून दोन मुलींनी केवळाबाईंना फोटो मागितला. त्यांनी देऊन टाकला आणि वर्षाराणीला म्हणाल्या, "सांग त्याह्यला, औशात शिवलाय." वर्षाराणीनं सांगितलं.

इंग्लंडची तपासणी तिथंच, गाडीत बसायच्या आधी होते. काचेमागच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला, केवळाबाईंकडे बघितलं, आणि विचारलं, कशासाठी जाताय? वर्षाराणीनं मराठीत सांगितलं.

"सफरचंद खायला," केवळाबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं परत विचारलं, नुसतं सफरचंद खायला?

"झाड बी बगायचं हाय. ह्या माज्या ईनबाईनं लावलंय."

त्यानं हे भाषांतर नीट ऐकून घेतलं. मग उज्वलाबाईंकडे बघून विचारलं, कोणत्या जातीचं? उज्वलाबाईंनी इंग्रजीत सांगितलं, कॉक्स. "मग अगदी वेळेवर निघालात," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

गाडी सपाट शेतांमधून पळत होती. केवळाबाई खिडकीला नाक लावून कुठं नांगरट झालीय, कुठं बीट काढायचं राहिलंय, ते बघत होत्या. मग एकाएकी खिडक्या काळ्या झाल्या. कानात दडे बसले. केवळाबाईंनी उज्वलाबाईंचा हात धरला. पलीकडून वर्षाराणीनं आईचा दुसरा हात धरला. डब्यात कुणी पेपर वाचत होतं, कुणी पाव खात होतं, आणि या तिघी एकमेकींना धरून समुद्राखालून चालल्या होत्या.

उजेड आला तेव्हा बाहेर हिरवं गवत होतं आणि मेंढरं चरत होती.

"आलो?"

"आलो, विहीणबाई."

केवळाबाईंनी हात सोडला आणि कोटाची बटणं लावली, जणू कुणाच्या घरी जायचंय.

उज्वलाबाई उभ्या राहिल्या. ॲशफर्ड कोणत्याही क्षणी येणार होतं. "वर्षा, डावीकडे बघ. उंच झाडांची रांग आली की त्यामागं." झाडं आली, त्यामागं लाल विटांची एक इमारत, वरच्या मजल्यावर ओळीनं खिडक्या, आणि गाडी पुढं निघूनही गेली. "ती तिसरी खिडकी," उज्वलाबाई म्हणाल्या. वर्षाराणी मान वळवून मागं बघत राहिली. "दिसली आई," ती म्हणाली. दिसली असेल किंवा नसेल, उज्वलाबाईंनी विचारलं नाही. लंडन येईपर्यंत त्या मुलीला त्या वॉर्डाबद्दल सांगत होत्या, आणि मुलगी एकामागून एक प्रश्न विचारत होती.

दुपारी त्या जीनच्या दारात पोचल्या. जीन काठी टेकत बाहेर आली आणि उज्वलाबाईंना मिठी मारून बराच वेळ तशीच उभी राहिली. वर्षाराणीला बघून म्हणाली, "तुझ्या फोटोला मी रोज गुड मॉर्निंग म्हणायचे. तुझी आई तो स्वयंपाकघरात लावून ठेवायची." चहा आधी की झाड आधी, असं तिनं विचारलं. केवळाबाईंना विचारायची गरज पडली नाही. त्या घराला वळसा घालून परसात निघाल्याही होत्या.

झाड घराच्या कौलापर्यंत चढलं होतं. लाल-पिवळ्या फळांनी एक फांदी इतकी वाकली होती की जीननं तिला लाकडी टेकू दिला होता. केवळाबाईंनी बुंध्यावर थाप मारली, साल बघितली, वाकून मुळाजवळची माती चिमटीत घेऊन चोळली. "जिमीन चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन हे मधलं लाकूड काढायला पायजे हुतं. म्हातारीला झेपलं नसंल."

उज्वलाबाई झाडापुढं नुसत्याच उभ्या होत्या. वर्षाराणीनं हात वर करून एक फळ पिळून तोडलं, ओढणीला पुसलं आणि आईपुढं धरलं.

उज्वलाबाईंनी घास घेतला. कडक होतं, आणि रस मनगटापर्यंत ओघळला.

केवळाबाईंना धीर धरवला नाही. "गोड हाय का आंबट?"

"आधी आंबट लागतं. मग गोड." उज्वलाबाईंनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि तोंड भरलेलं असतानाच हसू लागल्या. मग चौघी झाडाखाली बसून सफरचंदं खात राहिल्या, जीन खुर्चीवर आणि या तिघी गवतावर. खूप वर्षांत एवढं खाल्लं नव्हतं, असं जीन म्हणाली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा वर्षाराणी शिडी लावून वरच्या फांद्यांवर चढली. उज्वलाबाई खाली ओंजळ करून फळं झेलत होत्या. तेवढ्यात केवळाबाईंचा फोन वाजला. श्रीमंतराव होते. सोयाबीन घरात आलंय, उतारा चांगला पडला, हे त्यांनी आधी सांगितलं. मग विचारलं, "आगं, त्या समिंदराखालून गेलीस म्हनं. काय दिसलं?"

"काय दिसायचं? अंधार." केवळाबाईंनी कोट झटकला, वर बघून सुनेला म्हणाल्या, "ती शेंड्याकडची बी घे, सोडू नको," आणि परत फोनवर आल्या. "पन गेले बगा म्या. आन् परवा त्याच वाटंनं परत बी जानार हाय."